गाठीचा तुकडा



काल रोह्यास याच विषयावर बोललो. व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी मला गाठून विचारले, "स्तनाच्या कर्करोगावर नवे इंजेक्शन निघाले आहे म्हणतात, मग ते सगळ्याच बायकांना का देत नाहीत?" गाडीची वेळ झाली होती, म्हणून उत्तर अर्धेच राहिले. ते आज पेणला पुरे करतो.

स्तनाचा कर्करोग हा एकच रोग नव्हे, त्यात पोटभेद आहेत. पेशीच्या अंगावर बाहेरचा निरोप आत पोचविणारी प्रथिने असतात. त्यांपैकी एकाचे नाव हर-२. 'वाढ' असा निरोप पोचविणे हे त्याचे काम. काही गाठींत या प्रथिनाची बेसुमार गर्दी होते आणि पेशी थांबायचे नाव घेत नाहीत. अशा रुग्णांचा रोग लवकर उलटतो, हे अमेरिकेतील डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिले. शंभरांत असे रुग्ण सुमारे पंधरा ते वीस.

या हर-२वर नेमके जाऊन बसणारे औषध म्हणजे ट्रास्टुझुमॅब, मूळ व्यापारी नाव हर्सेप्टिन. पेणकरांना हे मी काय समजावून सांगावे! एका मूर्तीसाठी बेतलेला मुकुट दुसरीच्या मस्तकावर बसत नाही, हे येथल्या गणपतीच्या कारखान्यातला पोरसवदा कारागीरही जाणतो. गाठीत हर-२ची गर्दी नसेल तर या औषधाचा उपयोग नाही. उलट काहींचे हृदय त्याने दुबळे होते, म्हणून उपचार चालू असताना मधून मधून हृदयाची तपासणी करावी लागते.

अमेरिकेत त्याला १९९८ साली परवानगी मिळाली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीच्या जोडीने किंवा तिच्या मागोमाग हे औषध घेतलेल्या हर-२च्या रुग्णांत रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. आपल्याकडे मात्र किंमत ऐकूनच घरातली माणसे गप्प होत. पुढे मूळ कंपनीने २०१३ साली येथल्या पेटंटवरचा हक्क सोडला, २०१४च्या आरंभी बंगळूरच्या बायोकॉनचे औषध बाजारात आले आणि २०१७ साली अमेरिकेनेही त्याला मान्यता दिली. २०१५ साली ते आपल्या सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत बसले. अजूनही ते स्वस्त म्हणता येत नाही, पण अप्राप्य राहिलेले नाही.

तरीही ते कोणाला द्यावयाचे हे गाठीचा तुकडाच सांगतो, आणि तो तुकडाच आपल्याकडे हरवतो! माझ्या पाहण्यात एक बाई आल्या. गाठ कोठे तरी काढून घेतलेली, आणि काढलेली गाठ टाकून दिलेली. दुसऱ्या एकींची गाठ दोन दिवस नुसत्या सलाईनमध्ये पडून राहिली होती. तिची परीक्षा काय होणार? काढलेला भाग शक्य तितक्या लवकर भरपूर फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा लागतो. सहा तासांपेक्षा कमी नाही, बहात्तर तासांपेक्षा जास्त नाही. मग त्याचा मेणाचा ठोकळा करतात, पातळ काप काढून रंगवतात आणि शून्य ते तीन असा दर्जा ठरवतात. तीन म्हणजे हर-२ निश्चित. दोन आला तर संशय राहतो, म्हणून फिश नावाची आणखी एक परीक्षा करतात. हा ठोकळा वर्षानुवर्षे टिकतो. मात्र घरी आणलात तर कौलाखालच्या माळ्यावर टाकू नका, वैशाखात तेथे मेण राहावयाचे नाही. आपल्याकडे सोन्याची पावती तिजोरीत आणि दवाखान्याचे कागद खुंटीवरच्या पिशवीत, ही रीत काही बरी नव्हे.

पुढचे सोपे आहे असे नाही. दर तीन आठवड्यांनी एक, अशी वर्षभरात सतरा-अठरा इंजेक्शने. टाटा रुग्णालयाचे खारघरचे केंद्र आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. रोहा-दिवा गाडीने पनवेल, तेथून लोकलने खारघर. प्रत्येक खेपेस घरातल्या कोणाचा तरी एक दिवस मोडतो. दहाव्या खेपेनंतर बाई म्हणते, आता बरे वाटते, पुरे झाले. अशा वेळी घरच्यांनी तिच्या होकारात होकार मिळवू नये.

रोह्याचे ते गृहस्थ निघताना हळूच म्हणाले की, पत्नीची शस्त्रक्रिया गेल्या महिन्यात झाली, ठोकळ्याचे कोणी बोलले नाही. आज सकाळी त्यांचा फोन आला. ठोकळा प्रयोगशाळेत आहे, हर-२ची परीक्षा कोणी सांगितलीच नव्हती. सोमवारी ते तो घेऊन खारघरला जाणार आहेत.