इंजेक्शन थांबल्यानंतर

आम्ही बँकेतली माणसे, डॉक्टर नव्हे. पण कल्याण-डोंबिवलीहून परळच्या टाटा रुग्णालयात खेपा घालणारे वडीलधारे पाहतो, म्हणून बोलतो. प्रोस्टेटचा कर्करोग पुरुष-संप्रेरकावर पोसतो, हे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले. म्हणून इंजेक्शन देऊन ते संप्रेरक दाबतात. इंजेक्शने थांबली तरी ते लगेच परतत नाही. कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक लागते. वय जास्त, उपचार लांबलेला, तर काहींचे पूर्ण परततही नाही. अंडकोष काढले असतील तर ते परतणारच नाही. हे शस्त्रक्रियेआधीच समजून घ्यावे. तोवर अंगातून वाफा, थकवा, हाडांची झीज. घरचे म्हणतात, म्हातारा आळशी झाला! पती-पत्नीतला दुरावा तर कोणीच बोलत नाही. तपासणीत पीएसएबरोबर टेस्टोस्टेरॉनही पाहायला डॉक्टरांना सांगा. मनाने ताकदीची औषधे घेऊ नका. रोग उलटू शकतो.