खाटेजवळची शाळा

(संघाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



वैद्यकीय शिक्षणावर बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही, हे प्रथमच कबूल करतो. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. जमा आणि नावे या दोन रकान्यांत आमचा दिवस जातो. परंतु आज सत्कार झालेल्यांत डॉक्टरकीचे शिक्षण घेणारी मुलेमुली आहेत. आमचे थोरले बंधू रुग्णालयात असताना जे पाहिले ते या मुलांना सांगा, असा कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. म्हणून चार शब्द बोलण्यास उभे आहोत.

एम.बी.बी.एस.चा अभ्यास साडेचार वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. दुसऱ्या वर्षापासून विद्यार्थ्यांच्या तुकड्या वॉर्डात जाऊ लागतात. काही आठवडे मेडिसिन, काही आठवडे सर्जरी, मग प्रसूती, बालरोग, डोळे, हाडे. याला पोस्टिंग म्हणतात. पुस्तकात आजार असतो, वॉर्डात आजारी माणूस असतो. म्हणून वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयाशिवाय चालत नाही. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले ते जे. जे. रुग्णालयाला जोडूनच. परळचे जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय १९२६ साली बरोबरच उभे राहिले. शीवचे रुग्णालय १९४७ साली सुरू झाले, त्याला १९६४ मध्ये महाविद्यालय जोडले गेले. अशा रुग्णालयांत येतो कोण? झोपडपट्टीतला, चाळीतला, गावाकडून रेल्वेने आलेला माणूस. ज्याला खासगी दवाखान्याचे दार परवडत नाही, त्याच्या खाटेजवळ या शहरातील डॉक्टर घडले आहेत.

आता आमच्या दादांची हकिगत सांगतो. दादा कंत्राटी रखवालदार. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी महापालिकेच्या एका रुग्णालयात भरती झाले. वॉर्ड भरलेला, दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या. ट्रॉली ढकलायला वॉर्डबॉय मिळेना, ते काम आम्ही केले. काही औषधे चिठ्ठीवर बाहेरून आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांबरोबर बारा विद्यार्थी आले. पडदा नव्हता. दादांना उभे करून पायजमा खाली करायला लावला. "खोक. पुन्हा खोक." हर्निया तपासताना रुग्णाला खोकायला लावतात, हे आम्हांला नंतर कळले. एकेक विद्यार्थी पुढे येऊन हात लावून पाहत होता. त्यांत मुलीही होत्या. दादांनी तोंडावर टॉवेल घेतला. साठीला आलेला माणूस, दोन मुलींची लग्ने केलेला. त्या बाराजणांना त्या सकाळी हर्निया चांगला समजला असेल, यात शंका नाही.

तिसऱ्या दिवशी दादा संडासाला जाताना घेरी येऊन पडले. रक्तदाब फार खाली गेला होता. ऑपरेशन पुढे ढकलले. कार्डिओग्राम झाला, रक्त तपासले, मेंदूचा स्कॅन बाहेरून करून आणा असे सांगितले. आम्ही पैशांची जुळवाजुळव करू लागलो. निवासी डॉक्टरांना आम्ही दोष देत नाही. तो मुलगा आदल्या दिवसापासून झोपलेला नव्हता आणि त्याच्या नावावर सगळा वॉर्ड होता.

त्या दुपारी आदल्या दिवशीच्या बाराजणांतील एक मुलगी वही घेऊन आली. तिला या रुग्णाची माहिती लिहून सरांना दाखवायची होती. आधी म्हणाली, "काका, काल आम्ही सगळ्यांनी तुम्हांला त्रास दिला. आज फक्त बोलायचंय. बसू का?" मग स्टूल ओढून बसली. कुठे काम करता, घरी कोण आहे, ब्लडप्रेशर कधीपासून, असे विचारता विचारता तिने विचारले, "काका, या गोळ्या घरी कशा घेत होता?"

दादा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एक दिवसाआड." गोळ्या संपल्या की पुन्हा ओपीडीच्या रांगेत उभे राहायचे, म्हणजे दिवसाचा पगार बुडणार. म्हणून महिन्याच्या गोळ्या ते दोन महिने पुरवत. ओपीडीत दरवेळी रक्तदाब वाढलेलाच दिसे, डॉक्टर गोळ्या वाढवत जात, आणि दादा त्या वाढलेल्या गोळ्याही दिवसाआडच घेत. वॉर्डात सिस्टरांनी त्या सगळ्या गोळ्या रोज, वेळेवर दिल्या. रक्तदाब खाली गेला त्याचे कारण हे होते. त्या मुलीने निवासी डॉक्टरांना सांगितले. त्यांनी येऊन खात्री केली, गोळ्या कमी केल्या. घेरी थांबली, स्कॅन करावा लागला नाही, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झाले.

आम्ही दादांना विचारले, हे आधी का नाही सांगितले? ते म्हणाले, "कोणी विचारलंच नाही." बंधुभगिनींनो, हे उत्तर डॉक्टरांइतकेच आम्हांलाही लागले. आम्ही सख्खे भाऊ. आम्हीही कधी विचारले नव्हते.

विद्यार्थी मित्रहो, त्या मुलीच्या हाती औषध लिहिण्याचा अधिकार नव्हता. परंतु त्या वॉर्डात इतर कोणाकडे नव्हती ती एक गोष्ट तिच्याकडे होती, ती म्हणजे वेळ. निधी कमी, माणसे कमी, खाटा कमी अशा ठिकाणी शिकाऊ विद्यार्थ्याने खाटेजवळ घालवलेला अर्धा तास हेही एक औषधच आहे. विनयपिटकातील आजारी भिक्षूची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. कोणी लक्ष देत नसलेल्या त्या भिक्षूला भगवंतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने धुतले, उचलून ठेवले. पण त्याआधी त्याला काय होते आहे आणि त्याची शुश्रूषा करणारे कोणी आहे का, हे विचारले. आधी प्रश्न, मग हात.

साधने नाहीत ही सबब खरी आहे, पण ती पुरी नाही. शीवच्याच रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातील पहिली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी इतर मातांनी दिलेले दूध तेथे साठवले जाते. आम्ही बँकेतली माणसे, म्हणून ही पेढी आम्हांला फार मोठी वाटते.

हिशेबाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. रुग्णालयांच्या भिंतींवर देणगीदारांच्या नावांचे दगड आहेत, ते असावेतच. परंतु ज्यांच्या पोटावर हात ठेवून पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर शिकले, त्यांची नावे केस पेपरवर होती, आणि ते कागद जुने झाले की जातात. तुमच्या शिक्षणाच्या खात्यात ही रक्कम नावे पडलेली आहे. ती फेडायची कशी? अगदी साधेपणाने. रुग्णाला खाटेच्या नंबराने हाक मारू नका. काका, मावशी, आजी म्हणा. हात लावण्यापूर्वी विचारा. पडदा नसेल तर दोघांनी चादर धरून उभे राहा. तुम्ही ज्या वस्तीतून आलात तिची भाषा तुम्हांला येते, ही तुमची लाज नाही, तुमचे भांडवल आहे.

आणखी एक. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आदिवासी डॉक्टर मुलीने आपले जीवन संपवले. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, गुन्हा नोंदला गेला. तुम्हांपैकी कोणाला असे काही सोसावे लागले तर एकट्याने सोसू नका. घरी सांगा, लेखी तक्रार करा, संघाकडे या. आणि तुम्ही वरिष्ठ व्हाल तेव्हा तुमच्या हाताखालच्या मुलाला ताठ मानेने उभे राहू द्या.

समाजबांधवांनाही विनंती आहे. आपला माणूस भरती झाला की जुने केस पेपर आणि गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून न्या. गोळी चुकवली असेल तर तसे सांगा, त्यात कमीपणा नाही. विद्यार्थी आले तर त्यांना शिकू द्या. नको वाटले तर "आत्ता नको" म्हणण्याचा हक्कही आपल्याला आहे.

दादा आता बरे आहेत. गोळ्या रोज घेतात, रांगेत कधी ते उभे राहतात, कधी आम्ही. ती मुलगी आज कोठे आहे हे आम्हांला ठाऊक नाही. डिस्चार्जच्या दिवशी तिची पोस्टिंग बदलली होती. दादांनी तिच्यासाठी पेढ्यांचा पुडा आणला होता, तो सिस्टरांकडे ठेवला. आज सत्कार झालेल्या मुलांपैकी कोणासाठी तरी असाच एखादा पुडा कोणा वॉर्डात ठेवला जावा, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.