रामसेंच्या पिक्चरवर हसा, पण आधी बघा तरी!

आजचा विषय रामसे बंधूंचे भुताचे पिक्चर. ‘वीराना’, ‘पुराना मंदिर’... यांचे मीम्स आपण फॉरवर्ड करतो, पण अख्खा पिक्चर किती जणांनी पाहिलाय?

वडील एफ. यू. रामसे यांचं लॅमिंग्टन रोडला रेडिओचं दुकान होतं. १९७० मध्ये त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ आपटला. पण मुखवटा घालून पृथ्वीराज कपूर चोरी करतात, तो सीन लोकांना जाम आवडतोय, हे मुलांनी हेरलं. म्हणून १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’. शूटिंग महाबळेश्वरला, बजेट तुटपुंजं. सात भाऊ, कुणी डिरेक्शन, कुणी कॅमेरा, कुणी साऊंड. आपल्या भाषेत, घरच्या पैशावरचं स्टार्टअपच!

फालतू कॉमेडी, बायकांना उगाच अंघोळ करायला लावणारे सीन, हे सगळं त्यात आहेच. त्याची बाजू मी घेत नाही. पण गंगू रामसेंचा कॅमेरा बघा. धूर, निळा-लाल उजेड, जुना वाडा... तेवढ्यावर भीती उभी केलीय.

आणि या पिक्चरची चांगली डीव्हीडी, ब्लू-रे कुणी काढली? ‘मोंडो मकाब्रो’ या परदेशी कंपनीने! आपण ज्याला टाकाऊ म्हणतो, ते आपण जपत नाही. आणि जपलं नाही की ते हरवतं.

तर एक काम करा. घरातल्या काका-मावशीला विचारा, ‘पुराना मंदिर’ थिएटरात कसा पाहिला? फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. ती आठवण कुठल्याच डिस्कवर मिळणार नाही.