राजवस्तूंचे दर्शन आणि त्यांचा दाखला

राजेरजवाड्यांच्या वस्तू पाहावयास जाणाऱ्या मनुष्याच्या मनात दोन वृत्ती एकाच वेळी जाग्या असतात. एक भक्तीची आणि दुसरी जिज्ञासेची. भक्ती म्हणते, हात जोडावे आणि पुढे व्हावे. जिज्ञासा म्हणते, थांबावे आणि विचारावे. पुष्कळांची समजूत अशी असते की, विचारले म्हणजे भक्ती उणावते. ही समजूत कितपत बरोबर आहे, हे पाहण्याचा एक मोठा योग महाराष्ट्रास २०२४ साली आला.

त्या वर्षी आषाढी एकादशी १७ जुलैस झाली, आणि दोनच दिवसांनी, १९ जुलैस, साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनहून आलेली वाघनखे दर्शनास मांडण्यात आली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाशी महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर १९२३ नव्हे, तर शिवराज्याभिषेकाच्या साडेतीनशेव्या वर्षी, म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये करार केला आणि तीन वर्षांच्या मुदतीने ही वस्तू उसनी आणली. वेळापूरच्या एखाद्या कुटुंबाने हे दर्शन घ्यावयाचे ठरविले असेल, तर माळशिरस, नातेपुते आणि फलटण असा त्याचा रस्ता. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्या वाटेने वेळापुरी मुक्कामास येते, तीच ही वाट. फक्त उलट दिशेची. ज्या वाटेने विठ्ठलाकडे जावयाचे, त्याच वाटेने परत फिरून शिवरायांकडे जावयाचे, म्हटल्यावर मनात भक्तीच अधिक असणार, हे सांगावयास नको.

परंतु त्या कुटुंबात एखादे आठदहा वर्षांचे मूल असतेच. काचेपलीकडे त्याला काय दिसणार? एक लहानशी पोलादी पट्टी, तिला खालून वाकड्या तीक्ष्ण नख्या आणि बोटे अडकविण्यासाठी कड्या. मूठ मिटली की नख्या तळहातात लपतात. वस्तू इतकी लहान की, आजोबांच्या अडकित्त्याची आठवण व्हावी. मूल सहजच विचारणार, “आजोबा, ही खरोखर महाराजांचीच का हो?” आणि या प्रश्नाला आजोबांनी काय उत्तर द्यावे, हा खरा विषय आहे.

“होय, गप्प नमस्कार कर,” हे एक उत्तर. “कोणास ठाऊक, सगळी थाप असेल,” हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे आळशी मनाची आहेत. तिसरे उत्तर थोडे लांबलचक आहे. पण ते देण्याजोगे आहे.

या वाघनखांबरोबर एक पेटी आहे आणि त्या पेटीवर इंग्रजीत मजकूर आहे. त्याचा आशय असा की, शिवाजीने ज्या शस्त्राने मोगल सेनापतीस मारले ते हे होय. आणि साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफ यास ते पेशव्यांच्या पंतप्रधानाने दिले. ग्रँट डफ म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाचे तीन खंड १८२६ साली प्रसिद्ध करणारा इंग्रज अंमलदार. तो १८१८ पासून सुमारे चार वर्षे साताऱ्यास होता. पुढे त्याच्या वंशजाने ही वस्तू लंडनच्या संग्रहालयास दिली.

आता हा मजकूर एखाद्या चौकस विद्यार्थ्यापुढे ठेवावा. तो पहिल्याच ओळीस अडेल. अफझलखान मोगलांचा सेनापती नव्हता; तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. पुढच्या ओळीस तो पुन्हा अडेल. पेशवा हाच मुळी छत्रपतींचा मुख्य प्रधान. त्याचा आणखी पंतप्रधान तो कोण? त्याचे नाव मजकुरात नाही. आणि तिसरी अडचण सर्वांत मोठी. प्रतापगडाच्या पायथ्याची भेट झाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी, आणि ग्रँट डफ साताऱ्यास आला १८१८ साली. मधली सुमारे एकशे एकोणसाठ वर्षे ही वस्तू कोणाच्या घरी, कोणाच्या देव्हाऱ्यात किंवा शिलेखान्यात होती, याविषयी पेटी मूक आहे. म्हणूनच ही वाघनखे शिवरायांनी वापरलेलीच आहेत असे ठरविणे शक्य झालेले नाही, असे लंडनच्या संग्रहालयाने स्वतःच लिहून ठेविले आहे. महाराष्ट्रातील काही इतिहासाभ्यासकांनीही त्या वेळी हाच आक्षेप घेतला.

हे ऐकून एखाद्याचे मन खट्टू होईल. त्याने धीर धरावा. वस्तूविषयी शंका म्हणजे घटनेविषयी शंका नव्हे. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत त्या भेटीचे वर्णन आहे आणि त्यात बिचवा व वाघनख या दोन्ही शस्त्रांचा उल्लेख आहे. खान मारला गेल्याची वार्ता त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांतही पोहोचली होती. प्रतापगड जागेवर उभा आहे. शिवरायांचा पराक्रम लंडनच्या पोलादी पट्टीवर टांगलेला नाही. ती पट्टी त्यांची ठरली तर आनंदच. न ठरली तरी प्रतापगडचा एक चिराही ढळत नाही.

राजवस्तूचा दाखला कसा असावा, हे पाहण्यासाठी मात्र वेळापूरच्या मंडळींस दूर जाण्याचे कारण नाही. गावातील अर्धनारीनटेश्वराच्या पुरातन मंदिरात देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या काळचे शिलालेख आहेत. त्यांवर शके १२२२ आणि शके १२२७, म्हणजे अनुक्रमे इसवी सन १३०० आणि १३०५ च्या सुमाराची वर्षे आहेत. हा काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली ती १२९६ साली. म्हणजे राजधानीवर एवढा मोठा आघात होऊन गेल्यावरही वेळापुरात रामचंद्रदेवाच्या नावाने दगड कोरला जात होता. एवढी गोष्ट तो दगड कोणाच्याही मध्यस्थीवाचून सांगतो. त्याला मखमलीची पेटी नाही, पहारा नाही, प्रवेशाचे तिकीट नाही. तो आपल्या राजाचे नाव सांगतो, साल सांगतो, आणि आपल्या गावीच आहे. मधल्या सातशे वर्षांचा हिशेब त्याला कोणी विचारीत नाही.

आणि तरीही साताऱ्याच्या काचेपुढे जेवढी गर्दी लोटली, तिच्या शतांशानेही या दगडापुढे कोणी थांबत नाही. दर्शनाला आलेला भक्त देवाला हात जोडतो, प्रदक्षिणा घालतो आणि लेखावरून नजर न फिरविता बाहेर पडतो. दूरची वस्तू मोलाची आणि दारची वस्तू कवडीची, हा मनुष्यस्वभाव आहे; पण तो स्वभाव इतिहासाला महाग पडतो. अज्ञानाने कोणी असल्या अक्षरांवर तेलरंगाचा हात फिरविला, किंवा दुरुस्तीच्या भरात चुना थापला, तर जे गेले ते कोणत्याही देशाशी करार करून परत आणता यावयाचे नाही.

तेव्हा संग्रहालयात जाणाऱ्याने तीन प्रश्न बरोबर न्यावे. ही वस्तू कोणाची, असे कोण म्हणतो? तो असे केव्हापासून म्हणतो? आणि त्या काळापासून आजपर्यंत ती कोणाकोणाच्या हाती होती? या तीन प्रश्नांची उत्तरे जिथे सलग मिळतात, तिथे मस्तक आपोआप लवते. जिथे मिळत नाहीत, तिथे वस्तू पाहावी, कारागिराची करामत न्याहाळावी आणि निर्णय राखून ठेवावा. असे करण्यात महाराजांचा यत्किंचितही अवमान नाही. शत्रूच्या गोटातील बातमी पुरती पारखल्यावाचून ज्यांनी पाऊल टाकिले नाही, त्यांच्या नावाने आलेली वस्तू पारखून घेणे ही त्यांचीच शिकवण म्हणावी लागेल.

मग त्या मुलाला आजोबांनी काय सांगावे? सांगावे की, “बाळ, अशाच शस्त्राचे वर्णन जुन्या बखरीत आहे. हेच ते होते की काय, याचा पुरावा अजून पुरा झालेला नाही. तू मोठा हो, शीक आणि शोध.” आणि घरी परतल्यावर, पहिल्याच सोमवारी, त्याला मंदिरात न्यावे. त्याचे बोट त्या कोरीव अक्षरांपाशी धरावे, स्पर्श मात्र करू देऊ नये. नमस्कार आणि प्रश्न ही दोन्ही एकाच मनात सुखाने नांदतात, हे ज्या मुलास घरातच कळले, त्याच्या हाती महाराष्ट्राचा इतिहास सुरक्षित राहील.