पाटाच्या कडेने
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



बायपासनंतर डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण गर्दीत नको. पुण्यात अशी जागा कुठं शोधायची? मला ती मुठेच्या उजव्या कालव्यावर सापडली. खडकवासल्याहून निघून हडपसर, लोणी काळभोर, यवत करत तो दौंड-इंदापूरकडे जातो. मी लोणीच्या पुढे भरावाची वाट धरतो. पाणी आपोआप वाहावं इतपतच उतार, त्यामुळे चढ जवळजवळ नाहीच. माझ्या छातीला तेवढंच झेपतं. आवर्तन सुटलेलं असलं की पाणी सोबतीला चालतं. पलीकडे ऊस, तारेवर खंड्या.

एकदा मुरमावर चाक घसरलं आणि पाण्यापासून हातभर अंतरावर पडलो. पाटकऱ्यानं उठवलं. "आजोबा, शेताच्या अंगानं चालवा. पाटाची कड गुळगुळीत, आत गेलात तर वर येणं नाही." घरी हे आजच कळतंय. सौ. समोरच बसल्यात, त्यांनी रागावू नये.

मागणं एकच. नव्या पार्किंगच्या आराखड्यात सायकलस्टँड दिसत नाही. मागच्या भिंतीलगत चार-पाच सायकलींपुरती जागा ठेवा. लिफ्टमध्ये माझी सायकल मावत नाही, आणि तिसऱ्या मजल्यावर उचलून न्यायला डॉक्टरांची मनाई आहे.