शेवटची सायकल

(१९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, शनिवारी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांचा निरोप असा होता, की "तू साताऱ्यातच राहिलास, तर तुमच्या सायकल क्लबची माहिती दे. दहा मिनिटांत आटप." फळ्यासमोर उभं केलं की मला घाम फुटायचा, हे समोर बसलेल्या बाईंना आठवत असेल. चाळीस वर्षांत त्यात फारसा फरक पडलेला नाही. तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

आपल्यापैकी बहुतेक जण सायकल शिकले ते तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलवर. नळीखालून पाय घालून अर्धं पेडल मारायचं, गुडघे फोडून घ्यायचे आणि तास संपायच्या आत धापा टाकत दुकानात सायकल परत करायची. पुढे कुणाकडे वडिलांची जुनी सायकल आली, तर त्याच्या कॅरिअरवर आणि नळीवर मिळून आणखी दोघं. डबलसीट पकडलं की पोलीस चाकातली हवा सोडायचा. मग तिघंही सायकल ढकलत शाळेत, आणि उशीर झाला म्हणून वर्गाबाहेर. दहावी झाली, स्कूटर आली, मोटार आली आणि सायकल माळ्यावर गेली.

माझी सायकल परत आली ती २०१६ साली. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "व्यायाम करा, नाहीतर पुढच्या वेळी दोन गोळ्या लिहीन." त्याच्या आदल्या वर्षी नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघाने 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली होती. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर. मी ठरवलं, आपण निदान पोवई नाक्यापासून सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊ. सुरुवातीला आम्ही चौघं होतो. आज यादीत तीसेक नावं आहेत. रविवारी पहाटे साडेपाचला दहा-बारा जण येतात, पावसाळ्यात पाच-सहा. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. पंप आणि पंक्चरचं सामान सामायिक, आणि चहाचे पैसे सगळ्यात उशिरा आलेल्याने द्यायचे.

क्लबची बातमी म्हणजे माणसांचीच बातमी. आमच्यात एक काकू आहेत, पोळी-भाजी केंद्र चालवतात. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या सायकल शिकल्या, त्याही आपल्या शाळेच्या या मैदानावर, रात्री साडेनऊनंतर, कुणी बघू नये म्हणून. मागून सीट धरायला कॉलेजातली मुलगी. गेल्या वर्षी या काकूंनी २०० किलोमीटरची ब्रेव्हे पूर्ण केली. ब्रेव्हे म्हणजे फ्रान्समधल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या संस्थेच्या नियमांनी होणारी लांब पल्ल्याची सायकल सफर. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. आठ तासांत आलेल्याला जी मान्यता, तीच तेरा तासांत आलेल्याला. काकू वेळ संपायला वीस मिनिटं असताना पोचल्या. घरी जाऊन त्यांनी आधी दुसऱ्या दिवशीची कणीक काढून ठेवली, मग पाय शेकले.

दुसरे आमचे एस.टी.तून निवृत्त झालेले चालक. खंबाटकी घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला याचा हिशेब नाही. आम्हांला उतार शिकवला तो त्यांनी. ब्रेक सतत धरून ठेवायचा नाही, दाबायचा-सोडायचा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. आणि आंधळ्या वळणावर घंटी वाजवायला लाजायचं नाही. गेल्या मे महिन्यात त्यांच्याच अंगणात बसून आम्ही अकरा जुन्या सायकली दुरुस्त केल्या. जूनमध्ये त्या आसपासच्या गावांतून चालत शाळेत येणाऱ्या मुला-मुलींना दिल्या. तुमच्या माळ्यावर सायकल असेल तर सांगा, आम्ही येऊन घेऊन जाऊ.

इथपर्यंत बोलून खाली बसलो असतो तरी चाललं असतं. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती आपल्याच वर्गातली आहे. ज्याची गोष्ट आहे त्याची परवानगी घेतली आहे. नाव घ्यायचं नाही अशी त्याची अट आहे. तो या सभागृहातच बसला आहे, आणि मागच्या बाकावर बसायची सवय त्याने अजून सोडलेली नाही. एवढ्यावरून ओळखलंत तर माझा इलाज नाही.

तीन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. कासला फुलं होती. समर्थ मंदिर मागे टाकून यवतेश्वरचा घाट चढून आम्ही नऊ जण पठारावर गेलो. गटात एक माणूस कायम सगळ्यांच्या मागे राहतो, त्याला आम्ही 'शेवटची सायकल' म्हणतो. त्याने कुणालाही मागे टाकून पुढे जायचं नाही, एवढंच त्याचं काम. त्या दिवशी शेवटची सायकल मी होतो.

परतताना हा आपला मित्र सारखा थांबायला लागला. मी विचारलं की खेकसायचा. घामाघूम झाला होता. उतार सुरू व्हायच्या जरा आधी पुन्हा थांबला आणि म्हणाला, "तू जा रे, माझ्या मागे लागू नको." मला दहा वाजता दुकान उघडायचं होतं. रागही आला होता. मी निघून आलो.

खाली सगळे थांबले होते. मोजले तर आठ. फोन केला, उचलेना. वीस मिनिटांनी त्याच्याच फोनवरून दुसऱ्या माणसाचा आवाज आला. दुधाच्या टेम्पोचा चालक होता. घाटातल्या एका वळणावर हा पडला होता. डोंगराच्या बाजूला पडला, दरीच्या नाही. गळपट्टीचं हाड मोडलं. हेल्मेटला कानापासून मागपर्यंत चीर गेली होती. दवाखान्यात रक्तातली साखर तपासली, ४८.

त्याला बारा वर्षं मधुमेह होता. क्लबमध्ये कुणालाही माहीत नव्हतं. पहाटे गोळी घेतली होती आणि पोटात फक्त चहा. घाम, चिडचिड, हात थरथरणं, बोलणं विस्कळीत होणं, ही सगळी साखर उतरल्याची लक्षणं. मला तो त्याचा स्वभाव वाटला.

महिनाभर मी सगळ्यांना एकच सांगत होतो, "त्यानेच जा म्हटलं म्हणून आलो." हे खोटं नव्हतं. मग एकदा त्याच्या घरी गेलो असताना चहा ठेवता ठेवता वहिनींनी विचारलं, "भाऊजी, शेवटी तुम्ही होतात ना?" आवाज चढवला नाही, काही नाही. मी चहा न पिताच घरी आलो.

त्या रात्री मला आपले पी.टी.चे सर आठवले. आठवीत आपल्याला अजिंक्यताऱ्यावर नेलं होतं. सर सगळ्यांच्या मागून चालत होते, गळ्यात शिट्टी. एक पोरगं चप्पल तुटली म्हणून रडत बसलं होतं आणि "मी नाही येत, तुम्ही जा" म्हणत होतं. सर त्याच्या शेजारी दगडावर बसून राहिले. आम्ही वर दरवाजात अर्धा तास कुरकुरत उभे. ते पोरगं मी होतो. "तुम्ही जा" म्हणणाऱ्याला सोडून जायचं नसतं, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

त्यानंतर क्लबमध्ये तीन गोष्टी बदलल्या. कुणाला काय आजार आहे, कुठली गोळी चालू आहे, हे क्लबला आधी सांगायचं. सांगण्यात कमीपणा नाही. प्रत्येकाच्या खिशात साखर हवी. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, फरक नसेल तर पुन्हा द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा. आपल्या साताऱ्याच्या कंदी पेढ्यावर विसंबायचं नाही. खव्यातल्या स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा उतरते, असं आम्हांला डॉक्टरांनी सांगितलं. आणि तिसरी गोष्ट, शेवटच्या सायकलला परतायची घाई असेल तर त्याने त्या दिवशी ते काम घ्यायचंच नाही.

चार महिन्यांनी हा परत आला. नाक्यावर सगळे जमले होते. "आज शेवटी कोण?" म्हणून कुणीतरी विचारलं आणि सगळे एकदम गप्प झाले. हाच माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "याला ठेवा. हा आता कुठं जात नाही." मी माफी मागायची म्हणून घरून दोन वाक्यं ठरवून गेलो होतो. ती राहिलीच. आज सगळ्यांसमोर मागतो. चुकलो रे.

आपण सगळे छपन्न-सत्तावन्नचे झालो आहोत. सकाळी चहाच्या वेळी तिकडे गोळ्यांच्या डब्या किती निघाल्या, ते मी पाहिलं. सायकल चालवा, चाला, पोहा, पण एकटे जाऊ नका, आणि बरोबरच्याला आपली गोळी सांगून ठेवा.

उद्या सकाळी सहाला शाळेच्या फाटकापासून समर्थ मंदिरापर्यंत आणि परत अशी छोटी फेरी आहे. सायकलींची सोय केली आहे. ज्यांना चालवायची नाही त्यांनी डबलसीट बसावं, आता हवा सोडायला कुणी येत नाही. कितीही हळू चालवा. शेवटी मी आहे.