क्लच गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

(देहू येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बोलायला या म्हणून निरोप आला तेव्हा मी संयोजकांना सांगून टाकलं, मला भाषण येत नाही, मोटारसायकल येते. त्यातही अर्ध्या तासात मोटारसायकल व्हायची नाही, फक्त क्लच होईल. एक जण म्हणाल्या, "अहो, बायकांच्या मेळाव्यात क्लच?" मी म्हटलं, सकाळी सहाला इंद्रायणीच्या पुलावर उभ्या राहा आणि येलवाडीकडे जाणाऱ्या गाड्या मोजा. खालुंब्रे, महाळुंगे, चाकण. पहिल्या पाळीला जाणाऱ्या किती बायका स्वतः गाडी चालवतात ते दिसेल. पुढे तळेगाव-चाकण रस्त्यावर दोन्ही बाजूंनी कंटेनर असतात. तिथं ओव्हरटेक करताना इंजिन नुसतं ओरडलं आणि गाडी पुढे गेली नाही, तर तो प्रश्न बायकांचा आहे की नाही?

आपल्याकडे "बायकांची गाडी" म्हणजे क्लच नसलेली गाडी, असं समीकरण होऊन बसलंय. १९७२ साली लुना आली, १९८४ साली कायनेटिक होंडा आली. या गाड्यांनी बाईला घराबाहेर काढलं, त्यांचे उपकार मी मानते. पण क्लच तिच्यातही असतोच बरं का. वेग वाढला की तो आपला आपण धरतो, कमी झाला की सोडतो. फक्त तो लपवलेला असतो, आपल्या हातात दिलेला नसतो. आणि ज्या पट्ट्यात हे सगळं बनतं तिथं कारखान्यातही बाईला दार उघडं नव्हतं. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. तेव्हाच्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून विचारलं, आणि त्यांना नोकरी मिळाली. पुढे २०१६ साली बजाजच्या चाकण कारखान्यात डॉमिनार ही जड मोटारसायकल आली, तिची जुळणी बायकांच्या हाती दिली होती. म्हणजे गाडी जुळवणारे हात बाईचे. मग ती बिघडली की आपण दुसऱ्याच्या तोंडाकडे का बघतो?

माझ्याकडे मध्यंतरी एक बाई आल्या. नाव सांगत नाही. नवरा जाऊन दोन महिने झाले होते. चाकणला एका कारखान्यात तपासणीचं काम, घरी दोन मुली, आणि नवऱ्याची मोटारसायकल. गाडी चढाला ओढेना. दिरानं आपल्या ओळखीच्या गॅरेजात नेली. तिथं सांगितलं, "वहिनी, क्लच गेला. इंजिन खोलावं लागेल, नऊ हजार धरून चाला." दीर म्हणाला, कशाला एवढा खर्च, विकून टाकू, गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. बाईंनी हो म्हणायचं तेवढं राहिलं होतं. गाडी गेली असती तर पहिली पाळी गेली असती. कंपनीची बस त्यांच्या वस्तीपर्यंत येत नाही.

आता त्यांच्या गाडीचं काय केलं ते सांगते, पण आधी क्लच म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा.

भाकऱ्यांची चवड रचतो तशी प्लेटांची चवड असते. एक खडबडीत अस्तराची प्लेट, एक गुळगुळीत पोलादी, पुन्हा अस्तराची, पुन्हा पोलादी. अस्तराच्या प्लेटांचे कान बाहेरच्या डब्यात अडकलेले. तो डबा इंजिन फिरवतं. पोलादी प्लेटा आतल्या गाभ्यावर बसलेल्या. तो गाभा गिअरकडे जातो. वरून चार-पाच स्प्रिंगा ही चवड घट्ट दाबून धरतात. चवड दाबलेली असली की सगळं एकत्र फिरतं आणि चाकाला ताकद मिळते. आपण डाव्या हाताचा लिव्हर ओढतो तेव्हा वायर स्प्रिंगांचा दाब काढून घेते, आणि प्लेटा एकमेकींवरून मोकळ्या सुटतात. म्हणजे लिव्हर दाबला की क्लच सुटतो. हे उलटं वाटतं, पण एवढं समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. बहुतेक मोटारसायकलींत ही सगळी चवड इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेली असते. याचं महत्त्व पुढे येईल.

आता बिघाड दोनच जातीचे. एक, क्लच पुरता धरत नाही. दोन, क्लच पुरता सोडत नाही.

धरत नाही, त्याला आपण "स्लिप होतो" म्हणतो. खूण अशी: मोकळ्या सरळ रस्त्यावर वरच्या गिअरला, चाळीसच्या आसपास वेगानं चाला आणि ॲक्सिलरेटर पिळा. इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि काटा मात्र मागून हळूहळू आला, तर क्लच घसरतोय. मागं कोणी बसलं असलं किंवा चढ असला की हे आधी कळतं. पण पिळल्यावर आवाजच चढला नाही, गाडी नुसती गुदमरली, तर तो क्लच नव्हे. तिथं एअर फिल्टर, प्लग, पेट्रोलची वाट बघायची. गाडी "ओढत नाही" म्हटलं की दोन्ही एकाच टोपलीत टाकतात आणि बाईकडून क्लचचे पैसे घेतात. म्हणून कान द्या. आवाज चढतो की नाही, एवढा एकच प्रश्न.

आणखी एक. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हातानं फिरवा. ते अडत असेल तर ब्रेक घासतोय. घासणाऱ्या ब्रेकमुळे गाडी जड चालते, आणि नाव क्लचचं होतं.

आता लिव्हर. तो बोटानं हलकेच ओढा. सुरुवातीला तो थोडा सैल यायला पाहिजे, मग जोर लागायला पाहिजे. ही जी मोकळीक, ती रोजच्या वापराच्या बऱ्याच मोटारसायकलींत लिव्हरच्या टोकाशी दहा ते वीस मिलिमीटर सांगितलेली असते. आपल्या गाडीचा आकडा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत असतो. मोकळीक शून्य असेल तर तुम्ही हात लावला नाही तरी वायर क्लचला सतत थोडी ओढून ठेवते. स्प्रिंगांचा दाब कमी पडतो, प्लेटा घसरतात, तापतात, झिजतात. प्लेटा झिजू लागल्या की ही मोकळीक आपोआप कमीही होत जाते, म्हणून ती महिन्यातून एकदा बघावी. लिव्हरवर कायम दोन बोटं ठेवून चालवण्याची सवय असते ना, ती हेच काम करते.

त्या बाईंच्या गाडीची मोकळीक शून्य होती. कोणीतरी वायर आवळून ठेवली होती. लिव्हरजवळ एक नट असतो, तो सैल करून ॲडजस्टर फिरवायचा, मोकळीक आली की नट पुन्हा घट्ट. पाच मिनिटांचं काम. त्या स्वतः फिरवून बघत होत्या आणि मी नुसती सांगत होते. चक्कर मारून आल्या, बराच फरक होता, पण वरच्या गिअरला अजून घसरत होती. म्हणजे प्लेटा झिजल्या होत्या, यात खोट नव्हती. पण प्लेटा बदलायला इंजिन खोलावं लागत नाही! ऑइल काढायचं, एका बाजूचं झाकण काढायचं, बहुतेक गाड्यांत उजवं, की क्लच समोर. प्लेटा, स्प्रिंगा, झाकणाचं पॅकिंग आणि ताजं ऑइल, एवढाच माल. सांगितलेल्या रकमेच्या पाव हिश्शातही आम्ही पोचलो नाही. नव्या प्लेटा बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजत ठेवायच्या असतात. कोरड्याच बसवताना कोणी दिसला तर त्याला विचारा. आणि जुन्या प्लेटा मागून घ्या. काळ्या पडलेल्या, करपल्याचा वास, पोलादीवर निळसर झाक, हे सगळं आपल्या डोळ्यांनी दिसतं. अस्तराची जाडी व्हर्नियरनं मोजता येते. पोलादी प्लेट काचेवर ठेवली की वाकडी आहे का ते कळतं.

ऑइलचं आता सांगते. चारचाकीतलं उरलेलं ऑइल मोटारसायकलीत ओतणारे पुष्कळ घरांत आहेत. काही चारचाकीच्या ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती इंजिनाला चांगली, पण आपल्या ऑइलात बुडालेल्या क्लचला मारक. त्याला तर घर्षणच हवंय. डब्यावर "जासो एमए" असा शिक्का बघून घ्या. "एमबी" असेल तर ते गिअर नसलेल्या स्कूटरचं.

दुसरी जात, सोडत नाही. लिव्हर पूर्ण दाबलाय, पहिला गिअर टाकलाय, तरी गाडी पुढे सरकते. सिग्नलला बंद पडते. न्यूट्रल सापडत नाही. गिअर टाकताना खडखडाट होतो. इथं बहुतेक वेळा मोकळीक फार वाढलेली असते, वायर ताणली गेलेली असते. म्हणजे स्लिपच्या अगदी उलट, आणि ॲडजस्टरही उलटाच फिरवायचा. तेवढ्यानं भागलं नाही तर पोलादी प्लेट वाकलेली असेल किंवा डब्याला प्लेटांच्या कानांनी खाचा पडलेल्या असतील. ते गॅरेजचं काम. थंडीत सकाळी पहिल्यांदा गिअर टाकताना "खट्ट" होतं, त्याला घाबरू नका. रात्रभरात ऑइलनं प्लेटा चिकटतात. लिव्हर जड झाला असेल तर वायर टोकाशी बघा. एखादी तार तुटून बाहेर आली असेल तर ती वायर त्याच दिवशी बदला. ती सांगून तुटत नाही.

आपल्या गावाचं एक खास दुखणं आहे. बीजेला आणि पालखी निघते त्या दिवशी गर्दीतून अर्धा क्लच दाबून तासभर गाडी रांगवायची, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात रांग. गर्दीत थांबलात तर न्यूट्रल करा, नाहीतर सरळ उतरून ढकला. वारकरी चालतातच की.

त्या बाईंचं क्लचचं काम झालं, पण गाडी अजून नवऱ्याच्याच नावावर होती. हे इथं सांगणं जरूर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे मालक वारल्यावर ज्याच्या ताब्यात वाहन येतं, त्यानं तीस दिवसांच्या आत आरटीओला मृत्यूची आणि आपण वाहन वापरणार असल्याची खबर द्यायची, म्हणजे तीन महिने ते वापरता येतं. त्या तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी नावावर करायची. आणि ही गाडी मालमत्ता आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको, मुलं-मुली आणि आई येतात. हे वारस असताना दिराचा त्यात वाटा नाही, गिऱ्हाईक त्याच्याकडे असलं तरी. सासूबाईंचा आहे, त्यांची संमती या बाईंना मिळाली. आपलं आरटीओ पिंपरी-चिंचवडचं, एमएच १४.

लायसनही काढून बघा. विनागिअरचं असेल तर त्यावर क्लचची मोटारसायकल चालवता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तेच पहिलं विचारते.

बाहेर लिंबाखाली माझी गाडी मधल्या स्टँडवर उभी आहे. वायर मी मुद्दाम आवळून ठेवली आहे, पाना सीटवर आहे. चार-चार जणी या, मोकळीक शोधा, नसेल तर काढा. साडीचा पदर आणि ओढणी तेवढी खोचून घ्या, चेन जवळ आहे.